कात्रज ते सिंहगड दिवसा चालताय? या चुका टाळा

कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची डोंगररांग, म्हणजे ट्रेकर मंडळींची ‘के टू एस’, बरेच जण पौर्णिमेच्या रात्री करतात. कारण उघड आहे. धारेवर फक्त गवत आहे, सावली नाही. दिवसा जायचं तर बेत वेगळा आखावा लागतो, आणि बहुतेक जण तो किलोमीटरवर आखून फसतात.

किलोमीटर मोजणं

अंतर साधारण १६ किलोमीटर. सपाटीवर चार तासांचं काम. इथे मात्र टेकडी चढायची, खिंडीत उतरायचं, पुन्हा चढायचं, हे शेवटपर्यंत चालतं. रूढ आकडा तेरा टेकड्यांचा आहे, पण मधले उंचवटेही पाय मोजतातच. म्हणून निघण्याआधी नकाशावर वाट आखून सगळ्या चढांची बेरीज काढा. ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, हा जुना ठोकताळा वापरा. समजा बेरीज १,००० मीटर आली, तर १६ किलोमीटरचे सव्वातीन आणि चढाईचे पावणेदोन, असे पाच तास होतात. हा हिशेब धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा. गटाने जाताना त्याची दीडपट धरा, म्हणजे साडेसात तास.

पहाटे ५ ला हेडटॉर्च लावून निघालात तर दुपारी साडेबारापर्यंत पोहोचता. ‘नाश्ता करून आठला निघू’ म्हणालात की मोठे चढ भर दुपारी येतात आणि तिसऱ्या प्रहरी पश्चिमेचं ऊन थेट तोंडावर. निम्मी चढाई साडेनऊपर्यंत झाली नसेल तर पुढे रेटू नका. परत फिरण्याची वेळ घरीच ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा. दमलेल्या माणसाला तिथे नीट ठरवता येत नाही.

पाणी आणि ओआरएस

वाटेत भरवशाचं पाणी नाही. थंडीत माणशी ३ लिटर, फेब्रुवारीनंतर ४. एप्रिल-मेमध्ये ही वाट दिवसा करूच नये. घामावाटे मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी ढोसत राहिलात तर पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं जड होतं. त्यासाठी ओआरएस घ्या, पण पुडी नीट वाचा. साधारण २१ ग्रॅमची मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी असते, चार-साडेचार ग्रॅमची छोटी २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की द्रावण दुप्पट तीव्र होतं, तहान वाढते आणि मळमळतं. एक बाटली ओआरएसची, बाकी साधं पाणी, सोबत गूळ-शेंगदाणे आणि खारे पदार्थ. निम्मं पाणी निम्म्या चढाईच्या आधीच संपलं, तर तेही परतायचं कारण समजा.

उतारावरचा मुरूम

इथे घसरणारे चढताना नाही, उतरताना घसरतात. पावसाळा संपला की पायवाटेवर बारीक मुरूम मोकळा होतो आणि टणक उतारावर छऱ्यांसारखा फिरतो. भीतीने माणूस मागे कलतो, वजन टाचेवर जातं आणि पाय पुढे सटकतो. उलट करा. गुडघे किंचित वाकवा, वजन पावलाच्या बरोबर वर ठेवा, पावलं आखूड टाका. उतार फार तीव्र असेल तिथे बाजूला वळून, बुटाची कड रुतवत उतरा. आधाराला गवत धरू नका, वाळलेलं गवत मुळासकट हातात येतं. आधीचा माणूस खाली पोहोचल्याशिवाय मागचा सोडू नका, कारण सुटलेला दगड थेट खालच्यावर जातो.

तळ गुळगुळीत झालेले बूट इथे चालत नाहीत. मोठ्या उताराआधी टाच मागे ठोकून नाडी घोट्यापाशी घट्ट आवळा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. कुसळं मोज्यांत घुसतात, म्हणून लांब पँट.

चुकीची सोंड धरणं

टेकडीच्या माथ्यावरून एकाहून जास्त सोंडा, म्हणजे खाली उतरत जाणारे डोंगराचे फाटे, निघतात आणि गुरांच्या वाटाही तशाच मळलेल्या दिसतात. पश्चिमेकडे जाताना पुणे शहर कायम उजव्या हाताला आणि खेड शिवापूरचं खोरं, महामार्ग डाव्या हाताला हवा. शहर समोर आलं तर तुम्ही उत्तरेच्या सोंडेवर उतरताय, परत माथ्यावर या. उतरायला लागण्याआधी खालची खिंड आणि तिच्यापलीकडे चढणारी पुढची टेकडी दिसलीच पाहिजे. नकाशा आणि ट्रॅक फोनमध्ये ऑफलाइन ठेवा.

मध्येच खाली उतरायची वेळ आली तर ओढ्याच्या घळीतून शॉर्टकट घेऊ नका. सह्याद्रीचा बेसॉल्ट, म्हणजे काळा खडक, थरांनी बनलाय. वरून सोपी दिसणारी घळ खाली अचानक सरळ कड्यावर संपते, आणि मुरमात उतरलेलं परत चढवत नाही. रुंद, मळलेली सोंडच धरा.

वीज आणि वणवा

वळवाच्या दिवसांत आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी ढग चढतात. आयआयटीएम या पुण्यातल्या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप निघताना पाहाच, पण कानावरही विसंबा. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे. माथा लगेच सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, एकमेकांपासून लांब राहा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास धारेवर चढू नका.

जानेवारीनंतर गवत काडेपेटीची वाट पाहत असतं, त्यामुळे स्टोव्ह आणि सिगारेट दोन्ही घरीच. वणवा दिसला तर वर पळू नका, आग चढावर अधिक वेगाने धावते. जळून विझलेला पट्टा किंवा उघडा मुरूम गाठा. खडकांच्या कपारीत न बघता हात घालू नका, या माळांवर फुरसं हा विषारी साप असतो. दंश झालाच तर कापणं, आवळणं नको. दंश झालेला अवयव स्थिर ठेवा आणि १०८ला फोन करा.

शेवट सिंहगडाच्या घाटरस्त्यावर होतो. गडमाथा १,३१२ मीटरवर आहे आणि तिथवरची चढण वेगळी धरावी लागते. पायथ्याला जाणाऱ्या जीपची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्या. रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, तेव्हा अर्धा लिटर पाणी त्या वाट पाहण्यासाठी राखून ठेवा.