कलदारावरचा रंग फोटोत उतरवताना

खान्देशात जुन्या पेट्यांतून राणीछाप कलदार, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे चांदीचे रुपये, अजूनही निघतात. सराफाकडे रिठ्याच्या पाण्यातून गेले नसतील तर त्यांच्यावर फिकट सोनेरी, किरमिजी, कडेला निळसर रंग चढलेला असतो. हा सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर. थराच्या वरून आणि तळातून परतलेला प्रकाश एकत्र येतो, त्यातून रंग दिसतो. म्हणून नाणं जरा तिरकं केलं की रंग उमलतो नि मावळतो. सगळी मेख इथेच आहे: आरशावरून यावा तसा प्रकाश नाण्यावरून थेट लेन्समध्ये आला तरच रंग मिळेल. नवशिके आधी पांढरा लाइटबॉक्स (चहूकडून मऊ उजेड देणारी पेटी) घेतात. त्यात नाण्याच्या सपाट भागात लेन्सचं काळं भोक उमटतं आणि रंग राखाडी होतो.

जुळणी स्वस्तातली आहे. फोटोफ्रेमची २ मिमीची काच नाण्याच्या वर ४५ अंशांत तिरकी बसवा. दिवा बाजूला, काचेच्याच उंचीवर. कॅमेरा वरून, काचेतून पाहणारा. दिवा थेट नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये काळा पुठ्ठा लावा. दिव्याच्या समोर, काचेपलीकडे काळं मखमल हवंच, नाहीतर फोटोवर धुरकट पडदा येतो. जाड काचेत कडा दुहेरी दिसतात. काच जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश खाली पाठवते, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ठेवून शटर जास्त वेळ उघडं ठेवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. मे महिन्यात जळगावात पंखा बंद करणं जिवावर येतं, पण त्याच्या वाऱ्याने स्टँड थरथरतो. घामट बोट नाण्याच्या तोंडावर टेकवू नका. तो ठसा पुढे तपकिरी होऊन कायमचा बसतो. नाणं कडेनेच धरा.

या प्रकाशात उठाव मात्र सपाट पडतो. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयात झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली होती. तो बारीक हत्ती अशा फोटोत ओळखूच येत नाही. त्यासाठी काच काढून, घड्याळातल्या १० आणि २ च्या जागी दोन दिवे उंच धरून वेगळा फोटो घ्या.

ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगदुरुस्ती) सोनेरी छटेला दोष समजून पुसतो. नाण्याच्या जागी ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) ठेवून बॅलन्स हाताने लावा, एलईडी सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या पुढचा घ्या. नंतर तेच नाणं त्याच दिव्याखाली तिरकं करत पडद्याशी ताडून पाहा. सॅच्युरेशन वाढवलेला निळा गिऱ्हाइकाने नाणं हातात घेताच उघडा पडतो.