वस्तू उलटी करून बघा : दिवाळीच्या प्रदर्शनात हाताने केलेल्या भेटी घेताना

फलटणजवळच्या आमच्या गावात आईचा बचत गट आहे. गटातल्या बायका गोधड्या शिवतात, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी कुटतात, उन्हाळ्यात कुरडया-पापड घालतात. मी कॉलेजात होते तेव्हापासून दर दिवाळीला आईबरोबर पुण्यातल्या प्रदर्शनांत स्टॉलवर बसत आले. आता कोथरूडला राहते, नोकरी करते, त्यामुळे बहुतेक वेळा टेबलाच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी असते. दोन्हीकडून बघितलंय म्हणून मैत्रिणी दरवर्षी मागे लागतात, ‘चल ना बरोबर, काय घ्यायचं ते सांग.’ सगळ्यांबरोबर जाणं जमत नाही, म्हणून लिहूनच काढते.

दसरा झाला की शाळांची मैदानं आणि मंगल कार्यालयं प्रदर्शनांनी भरायला लागतात. मुंबईत राज्य शासनाच्या ‘उमेद’ अभियानाचं महालक्ष्मी सरस भरतं, तिथे जिल्ह्याजिल्ह्यातून गट येतात. पुण्यात डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या सिंचननगर मैदानावर भीमथडी जत्रा असते. ती नाताळ आणि नव्या वर्षाच्या भेटींसाठी सोयीची, आणि संक्रांतीच्या वाणासाठी तर फारच. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा मातीची छोटी सुगडी किंवा खणाचे बटवे लुटा. तारखा दरवर्षी बदलतात, तेवढ्या आधी बघून ठेवा.

निघण्याआधी

वहीच्या पानावर माणसांची नावं लिहा, वस्तूंची नाही. ‘सासूबाई – गुडघे दुखतात, सकाळी लवकर उठतात, गॅलरीत बसतात.’ एवढं लिहिलं की स्टॉलवर घोंगडी दिसताच हात आपोआप थांबतो. ‘सासूबाई – साडी?’ असं लिहून नेलं तर साडीच घेऊन याल, आणि ती कपाटात जाईल.

कोल्हापुरी चप्पल भेट द्यायची असेल तर त्या माणसाचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने आखून आणा. कोल्हापुरीला नंबर असतो, पण हाताने केलेल्या दोन जोडांची रुंदी कधी सारखी नसते. आखलेला कागद चपलेवर ठेवला की प्रश्न मिटतो. माझ्या काकांसाठी मी गेली काही वर्षं एकच घडी केलेला कागद पर्समध्ये घेऊन फिरते.

रोख पैसे न्या, शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा. क्यूआर कोड आता सगळ्यांकडे असतो, पण हजारो माणसं एका मैदानात जमली की नेटवर्क बसतं, आणि तुमच्यामागे रांग लागलेली असताना बाई बिचारी पैसे आले का म्हणून मोबाइल हलवत राहते. कापडी पिशव्या आणि एखादी जुनी ओढणी घ्या, मातीच्या वस्तू गुंडाळायला.

वेळ म्हणाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, उघडल्या उघडल्या. पहिल्या दिवशी निम्मा माल गाठोड्यातच असतो, कारण रात्रीच्या एसटीने आलेल्या बायका अजून टेबल लावत असतात. शनिवार-रविवार संध्याकाळी कुणालाच दोन वाक्यं बोलायला सवड नसते, आणि या खरेदीत बोलणं फार महत्त्वाचं.

उलटी बाजू

आई गिऱ्हाइकाची पारख एका गोष्टीवरून करते. गोधडी हातात घेऊन जो ती उलटी करतो, त्याला कामातलं कळतं. समोरची बाजू सगळेच सजवतात. मागच्या बाजूला टाका कसा पडलाय, ते लपवता येत नाही.

हाताच्या गोधडीत धावदोरा असतो. टाके जवळजवळ सारखे, पण अगदी सारखे नसतात. एखादी ओळ किंचित वाकते, दोरा संपून नवा सुरू झाल्याची जागा सापडते. मशीनवर शिवलेलं असेल तर ओळी रुळासारख्या सरळ जातात आणि टाका दोन्हीकडून घट्ट, एकाला एक लागून असतो. मशीनची गोधडीही उबदार असते, तिला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त तिची किंमत हाताच्या गोधडीइतकी असू नये. आत काय घातलंय तेही विचारा. जुन्या सुती लुगड्यांचे थर असतील तर गोधडी अंगासरशी बसते आणि धुवून वाळते. सिंथेटिक साड्यांची रंगाने झगमगते, पण बाळंतविड्यात देऊ नका, बाळाला घाम येतो.

पैठणीचंही तेच. हातमागावरच्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागून बघितला तरी मोरच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा छोट्या कांडीने हाताने गुंफत नेलेला असतो. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेल्या धाग्यांची जाळी असेल तर ते यंत्रमागाचं काम. येवला-पैठणच्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरलेल्या भागात केलेल्या मालालाच ते नाव लावता येतं) मिळालं. खरी साडी घेणार असाल तर रेशमाचं सिल्क मार्क आणि हातमागाचं हँडलूम मार्क, दोन्ही मागा. प्रदर्शनात जास्त करून दिसतात ते पैठणीचे बटवे, पाकिटं, वहीची कव्हरं. त्यांतलं कापड बहुधा यंत्रमागाचं असतं आणि शिवण गटातल्या बायकांची. तसं स्पष्ट सांगून विकत असतील तर आनंदाने घ्या.

कोल्हापुरी चप्पल उलटी करून तळ बघा. अस्सल जोडात खिळा नसतो, चामडं चामड्याच्या वादीने शिवलेलं असतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला एक ओळखीचा, मातकट वास येतो. रबराचा किंवा रसायनाचा उग्र वास आला, तळाला चिकटवलेला थर सुटताना दिसला, की खाली ठेवा. या चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आले. म्हणून ‘आम्ही अथणीचे’ असं कुणी म्हणालं तर माल नकली समजू नका. अथणीही बेळगाव जिल्ह्यातच येतं.

पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांची तांब्या-पितळेची भांडी एखाद्या स्टॉलवर मिळाली तर बोटं फिरवून बघा. मठारकाम म्हणजे हातोडीने एकेक ठोका देऊन पत्र्याला आणलेली चकाकी. ते ठोके ओळीत असतात, पण प्रत्येकाची खोली जराशी वेगळी लागते. साच्यात दाबलेल्या भांड्यावर सगळे खड्डे हुबेहूब. नव्याने संसार थाटणाऱ्या जोडप्याला असं पातेलं देणार असाल तर आतून कल्हई आहे ना ते बघा. पाण्याच्या तांब्याला ती लागत नाही, आमटीच्या पातेल्याला लागते.

पणत्या घेताना दोन पणत्या एकमेकींवर हलक्या वाजवा. भाजलेली माती खणखणीत वाजते, कच्ची बद्द वाजते.

वारली चित्रांत सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून इथे जरा थांबते. पालघर-डहाणूकडच्या बायका लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे नक्षीची चौकोनी चौकट, लिहीत आल्या आहेत. हो, त्या ‘लिहितात’ म्हणतात. जिव्या सोमा मशे यांनी ते चित्र भिंतीवरून कागद-कापडावर आणलं आणि जगभर नेलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज मग, चादर, किचेन, सगळ्यावर वारली छापलेली असते. छापील ओळखायची खूण : एकाच रांगेतली दहा माणसं एकमेकांची नक्कल वाटतात. हाताने काढलेल्या नाचाच्या वेटोळ्यात प्रत्येकाचा पाय थोडा वेगळा उचललेला असतो, रेघ कुठे जाड कुठे बारीक होते, कारण काडीवरचा रंग संपत येतो. आणि विचारा, ‘या चित्रात काय चाललंय?’ काढणारा माणूस असेल तर हे झाड, हे वारूळ, ही तारपा वाजवणाऱ्याची जागा असं सांगत सुटतो. लग्नाच्या भेटीला चौक असलेलं चित्र घ्या. चौकात पालघट, म्हणजे वारल्यांची सुफलतेची देवी, असते, आणि चौक लग्नासाठीच लिहितात. गृहप्रवेशाला नाचाचं किंवा शेताचं चित्र शोभतं.

सावंतवाडीचा स्टॉल दिसला तर मी तिथे अर्धा तास तरी घालवते. लाकडी आंबे, केळी, सीताफळं मुलांना आवडतात, पण तोंडात घालण्याच्या वयाचं मूल असेल तर रंग कोणता ते विचारून घ्या. पत्ते खेळणाऱ्या आजोबांसाठी गंजिफा बघा. गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफ्यात १२० पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. पूर्ण संच महाग असतो आणि तसाच असायला हवा, कारण प्रत्येक पत्ता एक छोटं चित्र आहे. एखाददुसरा पत्ता चौकटीत बसवून मिळाला तरी सुंदर भेट होते.

खाण्याच्या वस्तूंबद्दल फार सांगायचं नाही. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ अंकी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख बघा, चटणी चाखून घ्या.

काय विचारायचं

‘हे तुम्हीच केलंय का?’ असं विचारू नका. त्यात संशय ऐकू येतो, आणि उत्तर ‘हो’च येतं. ‘याला किती दिवस लागतात?’ असं विचारा. ‘लोकर कुठून आणता?’ ‘पावसाळ्यात काम चालतं का?’ करणाऱ्या बाईकडे या प्रश्नांची इतकी उत्तरं असतात की तुम्हालाच निघायची घाई करावी लागेल. घोंगडीवाल्याला खळीबद्दल विचारलं तर चिंचोके कसे शिजवायचे इथपासून सांगतो.

स्टॉलवर बसलेल्या बाईने स्वतः वस्तू केलेली नसेल तर लगेच व्यापारी म्हणू नका. आमच्या गटात दहा जणी शिवतात आणि दोघीच पुण्याला येतात. बाकीच्यांना जनावरं, शाळेतली मुलं, घरचं आजारपण असतं. पण आई प्रत्येक गोधडी कुणाची ते न बघता सांगू शकते. ‘कुणी केलं?’ याला नाव येतं का, एवढंच बघा. खोक्यातून एकसारख्या पन्नास वस्तू निघताहेत आणि कुणाचंच नाव येत नाही, तर तो घाऊक बाजारातला माल.

भाव

२०१२ ची गोष्ट. आईने एका गोधडीचे ९०० रुपये सांगितले. एका ताईंनी ५०० म्हटलं आणि ‘घरच्या जुन्या साड्या तर आहेत’ असंही म्हटलं. ती गोधडी शिवायला रोज दुपारचे तीन तास, असे वीस दिवस गेले होते. अस्तर, दोरा, प्रवास यांचे १५० काढले तर राहिले ७५०. साठ तासांना ७५०, म्हणजे तासाला साडेबारा रुपये. ती ५०० ला दिली असती तर तासाला सहाच्याही खाली आले असते. आई काही बोलली नाही, गोधडीची घडी घालून परत ठिकाणावर ठेवली. मला ती घडी अजून दिसते.

म्हणून एका नगावर घासाघीस करू नका. परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या. गोधडीऐवजी त्याच टाक्याचं आसन, चित्राऐवजी शुभेच्छापत्र. पाच-दहा नग घेत असाल तर ‘एकत्र घेतले तर काय लावाल?’ हे विचारणं रास्त आहे, भाव त्यांनाच सांगू द्या. शेवटच्या संध्याकाळी ‘परत न्यायचंच आहे ना, मग द्या निम्म्यात’ असं मात्र कुणालाही म्हणू नका.

ऑफिससाठी किंवा लग्नासाठी जास्त नग हवे असतील तर प्रदर्शनात फक्त नमुना निवडा आणि नंबर घ्या. दिवाळीची ऑर्डर गणपतीच्या आधी द्या. पावसात माती वाळत नाही, पापड वाळत नाहीत, आणि सुगीत बायका शेतावर असतात. अर्धे पैसे आगाऊ द्या. आईच्या गटाला एकदा एका कंपनीने दिवाळीच्या तोंडावर ६० बटव्यांची ऑर्डर दिली, आगाऊ काही दिलं नाही, आणि बटवे शिवून झाल्यावर नको म्हणाले. खणाचं कापड उसनं आणलेलं होतं. ते फेडायला संक्रांत उजाडली.

घरी आणल्यावर

भेट देताना सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवा : कुठल्या गावची, कुणी केली, कशी सांभाळायची. पणत्या पहिल्यांदा लावण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायच्या, म्हणजे तेल पीत नाहीत. घोंगडी सुरुवातीला टोचते आणि लोकरीचा वास येतो. चार दिवस ऊन दाखवायचं, मशीनमध्ये घालायची नाही. कोल्हापुरीला थोडं तेल चोळायचं, पहिले काही दिवस तासाभरापेक्षा जास्त घालायची नाही, पावसात तर नाहीच.

आणि वस्तू ज्याची त्याला पोचली, वापरात आली, की तिचा एक फोटो करणाऱ्या बाईला पाठवा. एका ताईंनी नाशिकहून बाळाचा, गोधडीवर पालथं पडलेल्या बाळाचा, फोटो पाठवला होता. ती गोधडी आमच्या शेजारच्या काकूंनी शिवलेली. त्यांच्याकडे साधा फोन, म्हणून आईने आपला मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी बाळाकडे बघितलं, मग बोटांनी फोटो मोठा करायला लावून कडेचा टाका बघितला आणि म्हणाल्या, ‘बसलाय नीट.’