चार शुभवर्तमानं आणि एक आडवी वही

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत गणपती लेखनिक झाल्याची गोष्ट मूळ संहितेत नाही, ती परिशिष्टात गेली आहे. पुण्यात भांडारकर संस्थेच्या संपादकांनी ठिकठिकाणच्या पोथ्या समोरासमोर लावल्या आणि जो भाग प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेला, ठरला तो बाजूला काढला. येशूच्या कथेची चिकित्सा करायची तर हीच पद्धत धरा.

लागतं थोडंच. तळटिपा असलेलं मराठी 'पवित्र शास्त्र' आणि एक फुलस्केप वही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर हाती लागलं तर तेही शेजारी ठेवा.

वही आडवी धरून पाच रकाने आखा: चार शुभवर्तमानांचे, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावावरच्या येशूच्या कथांचे, आणि एक प्रेषित पौलाच्या पत्रांचा. ते छापील क्रमानं लावू नका, काळाच्या क्रमानं लावा. बायबलमध्ये मत्तय आधी येतो, पण बहुतेक अभ्यासक मार्कला सर्वांत जुना मानतात, इ.स. ७० च्या आसपासचा. मत्तय आणि लूक त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांतले, योहान शतकाच्या अखेरचा. येशूला वधस्तंभावर दिलं ते इ.स. ३० च्या सुमारास, म्हणजे मार्कपर्यंतच चाळीसएक वर्षं गेली. सर्वांत डावा रकाना पौलाचा, कारण त्याची पत्रं ५० च्या दशकातली आहेत.

सुरुवात रिकाम्या कबरीपासून करा. मार्क १६:१–८, मत्तय २८:१–१०, लूक २४:१–१२, योहान २०:१–१८ आणि पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र १५:३–८ (आधीचा आकडा अध्यायाचा, नंतरचे वचनांचे). प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारा: कोण गेलं, तिथे कोण दिसलं, काय सांगितलं, पुढे काय केलं. मार्कमध्ये तीन बायका जातात, आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण असतो, आणि त्या भीतीनं कोणाला काहीच सांगत नाहीत. मत्तयात दोघी, भूकंप आणि धोंड लोटणारा देवदूत. त्या आनंदानं सांगायला धावतात. लूकमध्ये बायका जास्त, झळाळत्या कपड्यांतले पुरुष दोन. योहानात नाव एकट्या मग्दालीया मरीयेचं. पौलाच्या रकान्यात बायका नाहीत, रिकामी कबरही नाही. 'पुरला गेला' एवढंच, आणि मग दर्शनांची यादी.

इथे हमखास चूक होते. लहानपणापासून ऐकलेली कथा डोक्यात एकच असते, त्यामुळे मत्तयाचा भूकंप नकळत मार्कच्या रकान्यात उतरतो. एक उतारा पूर्ण लिहून झाल्याशिवाय दुसरा उघडूच नका. जे वचनात नाही तिथे आडवी रेघ मारा. खरा शोध त्या रेघांत लागतो.

मग तळटिपांकडे वळा. मार्क १६:९–२० हा भाग सिनाईटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत नाही; तिथे मार्क आठव्या वचनावर संपतो. व्यभिचारात धरलेल्या बाईची सुंदर गोष्ट, योहान ७:५३–८:११, तीही सर्वांत जुन्या प्रतींत नाही.

बाहेरचा पुरावा तारखेनिशी मांडा. मत्तय म्हणतो, येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा होता. हेरोद मेला इ.स.पू. ४ मध्ये. लूक जन्म सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या नावनिशीशी (शिरगणतीशी) जोडतो आणि ती झाली इ.स. ६ मध्ये. आधी आणखी एक नावनिशी झाली असेल, असं उत्तर दिलं जातं, पण तिचा पुरावा मिळालेला नाही. यहुदी इतिहासकार जोसेफसनं इ.स. ९३ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात येशूवर परिच्छेद आहे, पण 'तो ख्रिस्त होता' असं न बाटलेला यहुदी लिहिणार नाही. त्यात भर पडली आहे यावर बहुतेक अभ्यासक सहमत आहेत. याच ग्रंथातला येशूचा भाऊ याकोब याचा उल्लेख मात्र बहुतेकांना अस्सल वाटतो. रोमन इतिहासकार टॅसिटसही यहूदियाचा रोमन सुभेदार पिलात यानं दिलेला मृत्युदंड नोंदवतो. तेव्हा 'येशू झालाच नाही' हे विधान टिकत नाही. पुनरुत्थानाबद्दल इतिहास एवढंच म्हणू शकतो की शिष्यांची तशी श्रद्धा फार लवकर होती.

व्हॉट्सॲपवर फिरणारे दोन दावे वहीत घेऊ नका. येशू हिंदुस्थानात शिकला, ही कथा नोटोविच नावाच्या रशियनानं १८९४ मध्ये लडाखच्या हेमिस मठातल्या पोथीच्या नावावर छापली. दुसऱ्याच वर्षी मठाच्या प्रमुखानं अशी पोथी असल्याचं नाकारलं. आणि बायबलची पुस्तकं ३२५ च्या निकिया इथल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेत निवडली गेली नाहीत. तिथला मुख्य वाद होता एरियस या धर्मगुरूच्या मताचा, की येशू हा देवानं निर्माण केलेला, पित्याच्या बरोबरीचा नव्हे. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची यादी पहिल्यांदा जशीच्या तशी दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ मधल्या पत्रात.

हात बसला की येशूला धरून देणारा शिष्य यहूदा याचा मृत्यू घ्या: मत्तय २७:३–१० आणि प्रेषितांची कृत्ये १:१८–१९. तो मेला कसा, एवढंच लिहून थांबू नका. त्या फितुरीच्या पैशांतून शेत कोणी विकत घेतलं, तेही लिहा.