नागपूर लॉबीत नवीन आलात? ड्युटीचे तास, रजा आणि सिनिऑरिटी कशी सांभाळायची

सहायक लोको पायलटच्या ट्रेनिंगमध्ये सिग्नल, ब्रेक, ट्रबलशूटिंग सगळं शिकवतात. विश्रांती कशी मोजतात, रजा कोणत्या वेळी मागितली तर मिळते, एका बदलीच्या अर्जाने सिनिऑरिटी कशी कायमची जाते, हे मात्र लॉबीत (क्रूची हजेरी आणि ड्युटी लागते त्या कार्यालयात) रुजू झाल्यावर इकडून तिकडून ऐकावं लागतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं. हे लिखाण अशा नव्या मुलामुलींसाठी आहे.

आधी आपण कोणत्या नागपूरचे, ते पक्कं करा. या शहरात दोन नागपूर विभाग आहेत. एक मध्य रेल्वेचा: नागपूर, अजनी, वर्धा, आमला, बल्लारशाह. दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा: मोतीबाग, इतवारी, गोंदिया, डोंगरगड. दोन्ही कार्यालयं एकाच गावात असली तरी झोन वेगळे आणि सिनिऑरिटी लिस्टही वेगळ्या. अजनीच्या माणसाला मोतीबागला जायचं असेल तर ती आंतर-झोन बदली होते. ‘इथल्या इथेच तर जायचंय’ म्हणून अर्ज टाकणाऱ्यांना हे पुढे जड जातं. त्याबद्दल खाली सांगितलं आहे.

वही ठेवा

सीएमएसमध्ये (क्रूच्या ड्युटीची नोंद ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत) सगळं नोंदलं जातं हे खरं, पण तिथली वेळ तुम्ही किऑस्कवर बोट ठेवता त्या क्षणाची असते. म्हणून खिशात मावेल अशी एक वही ठेवा. प्रत्येक ट्रिपला सहा नोंदी करा: कॉल (ड्युटीचं बोलावणं) किती वाजता आला, साइन-ऑन (ड्युटी सुरू), गाडी सुटली, गाडी पोहोचली, साइन-ऑफ (ड्युटी संपली) आणि गाडी व इंजिन नंबर. यातल्या साइन-ऑफच्या वेळेवर पुढची सगळी विश्रांती ठरते, आणि नेमकी तीच नोंद सर्वांत जास्त चुकते.

हिशोब असा. मुख्यालयी, म्हणजे नागपूरला, ८ तास किंवा त्याहून जास्त ड्युटी करून आलात तर १६ तास विश्रांती. ८ तासांहून कमी असेल तर १२ तास. बाहेरगावी रनिंग रूमला (क्रूच्या विश्रामगृहात) ८ तास किंवा जास्त ड्युटीनंतर ८ तास, ५ ते ८ तासांच्या ड्युटीनंतर ६ तास, आणि ५ तासांहून कमी असेल तर जेवढी ड्युटी झाली तेवढे तास अधिक एक.

आता उदाहरण घ्या. रात्री २२:३० ला नागपुरात साइन-ऑन, पहाटे ०५:१० ला इटारसीत साइन-ऑफ. ड्युटी ६ तास ४० मिनिटं, म्हणून इटारसीत ६ तास विश्रांती. परतीला ११:३० ला साइन-ऑन केलं. गाडी नागपूरच्या बाहेर होम सिग्नलला थांबली, मग आत घेतली, चार्ज दिला आणि लॉबीत पोहोचेपर्यंत १९:३५ झाले. ड्युटी ८ तास ५ मिनिटं, म्हणून १६ तास विश्रांती, दुसऱ्या दिवशी ११:३५ पर्यंत. पण गाडी १९:१० ला आली म्हणून कुणी साइन-ऑफही १९:१० ला धरलं, तर ड्युटी ७ तास ४० मिनिटं होते, विश्रांती १२ तासांवर येते आणि सकाळी सात-सव्वासातनंतर तुमचं नाव पुन्हा बोर्डावर असतं. पंचवीस मिनिटांच्या चुकीत चार तासांहून जास्त झोप जाते. घाईत ‘चला, करून टाका साइन-ऑफ’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. इंजिनचा चार्ज देऊन, लॉबीत येऊन, स्वतःच्या हाताने साइन-ऑफ करा.

नऊ तास, अकरा तास

२०१६ पासूनचा नियम असा: गाडी सुटल्यापासून सलग रनिंग ड्युटी साधारणपणे ९ तासांपुढे जाऊ नये. वाढवायची असेल तर ९ तास संपायच्या किमान २ तास आधी क्रूला तसं सांगायला हवं, आणि साइन-ऑन ते साइन-ऑफ एकूण ड्युटी ११ तासांच्या आत राहायला हवी. क्रू बदलण्याचं ठिकाण साधारण तासाभरावर असेल तर तिथपर्यंत जावं लागतं, पण तेव्हाही मर्यादा १२ तासांची. अपघात, पूर यांसारखी वेळ वेगळी.

मालगाडीवर काय होतं, ते सरळ सांगतो. सेक्शनमध्ये लूपवर (बाजूच्या रुळावर) तीन तास उभं राहावं लागतं आणि आठवा तास उलटल्यावर कंट्रोलला (गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्या कार्यालयाला) रिलीफची, म्हणजे बदली क्रूची, आठवण होते. म्हणून गाडी सुटून सहा-साडेसहा तास झाले आणि पुढे रस्ता दिसत नसेल, तर लोको पायलटला विचारून पुढच्या स्टेशनवर लेखी मेमो द्या: साइन-ऑनची वेळ, सुटण्याची वेळ, रिलीफ कुठे हवा. दोन प्रती करा आणि एकीवर स्टेशन मास्तरची सही-शिक्का घ्या. वॉकी-टॉकीवरचं बोलणं चौकशीत कुणाच्या लक्षात राहत नाही. तास मोजून रिलीफ मागणं म्हणजे काम टाळणं नव्हे. दहाव्या तासाला डोळा लागलेला माणूस लाल सिग्नल ओलांडू शकतो, म्हणूनच हा नियम आहे.

पंधरवड्यात १०४ तासांच्या वर गेलात तर ओव्हरटाइम लागतो. महिनाअखेर सीएमएसमधले तास आणि किलोमीटरेज (किलोमीटरवर मिळणारा भत्ता) वहीशी ताडून पाहा. फरक असेल तर त्याच आठवड्यात सांगा, तीन महिन्यांनी कुणी जुनं बिल उघडत नाही.

पीआर म्हणजे नुसते तास नव्हेत

महिन्यात किमान २२ तासांच्या पाच किंवा किमान ३० तासांच्या चार नियतकालिक विश्रांती (पीआर) मिळायला हव्यात, आणि प्रत्येकीत पूर्ण रात्र अंथरुणात, म्हणजे २२:०० ते ०६:००, यायला हवी. मंगळवारी २३:३० ला साइन-ऑफ करून बुधवारी २१:३० पर्यंत मोकळे राहिलात तर २२ तास भरले, पण त्यात २२ ते ०६ अशी पूर्ण रात्र एकही नाही, म्हणून ती पीआर धरता येत नाही. हे पटकन ध्यानात येत नाही, कारण पाहणारा फक्त तास बघतो. १६ तासांची मुख्यालय विश्रांती आणि ३० तासांची पीआर मिळून ४६ तास द्या, ही जुनी मागणी आहे. जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेच्या लोको पायलटनी याच मुद्द्यावर आंदोलन केलं होतं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असताना रात्रपाळीनंतर दिवसा झोपणं कठीण जातं. घरच्यांना तुमचा साइन-ऑफ किती वाजता झाला आणि फोन कधी वाजू शकतो, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कूलरमध्ये पाणी भरणं, बेल बंद ठेवणं ही कामं मग तुम्हाला उठवून करावी लागत नाहीत.

लिंक, टर्न आणि एलआर

मेल-एक्स्प्रेस आणि पॅसेंजरवाल्यांची लिंक असते, पुढच्या आठवड्यात कोणती गाडी ते आधी कळतं. गुड्सवाल्यांना टर्न असतो: ज्याची विश्रांती आधी पूर्ण, तो आधी. लिंकमधला माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी एलआर, म्हणजे लीव्ह रिझर्व्हमधला माणूस जातो. रनिंग स्टाफमध्ये ३० टक्के एलआर धरलेला असतो. ‘स्पेअर’ हा शब्द ऐकून राखीव समजू नका. रेल्वेत स्पेअर म्हणजे गाडी न चालवता, प्रवासी म्हणून बसून दुसऱ्या ठिकाणी जाणं.

रजा नाकारली जाते त्याचं मूळ इथेच आहे. जागा रिकाम्या राहिल्या की एलआरची माणसं रोजच्या गाड्यांवर जुंपली जातात, मग रजेवर सोडायला कुणी उरत नाही. २०२४ च्या सहायक लोको पायलट भरतीत आधी ५,६९६ जागा होत्या, त्या वाढवून १८,७९९ केल्या, यावरून तुटवडा केवढा होता ते समजतं. रोज लॉबीतला बोर्ड पाहायची सवय लावा: एलआरमधले किती जण खरोखर राखीव आहेत? तो आकडा बरा असेल त्या आठवड्यात रजेचा अर्ज टाका.

रजा

एलएपी, म्हणजे सरासरी पगारी रजा, वर्षाला ३० दिवस: १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ जमा होतात, साठवण ३०० पर्यंत. अर्धपगारी एलएचएपी वर्षाला २०: दोनदा १०-१०. वैद्यकीय कारणासाठी पूर्ण पगारी रजा घेतली तर एलएचएपी दुप्पट वजा होते, म्हणजे ५ दिवस आजारी असाल तर खात्यातून १० जातात. एलएपीच्या काळात किलोमीटरेज मिळत नाही, पण मूळ पगाराचा ३० टक्के रनिंग घटक धरला जातो, तो पगारपत्रकात दिसतो की नाही ते बघा. कॅज्युअल लीव्ह एलएपीला जोडून घेता येत नाही. प्रवासाचा पास घेताना १० दिवस एलएपीचे पैसे करून घेता येतात, पूर्ण नोकरीत ६० दिवस, दोन वेळांमध्ये दोन वर्षांचं अंतर, आणि खात्यात नंतर किमान ३० दिवस शिल्लक हवेत. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत वर्षाला पासचा एकच सेट मिळतो, म्हणून तो जपून वापरा.

रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, असं नियमातच लिहिलं आहे. म्हणून वेळ साधणं महत्त्वाचं. नागपुरात चार वेळा सगळे एकदम अर्ज टाकतात: पोळा आणि त्यापाठोपाठ महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी, आणि मे महिन्यातली लग्नं. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, विशेष गाड्या चालतात आणि क्रू जास्त लागतो. त्या आठवड्यात रजा हवी असेल तर दोन महिने आधी एचआरएमएसवर (रेल्वेच्या ऑनलाइन कर्मचारी प्रणालीवर) अर्ज टाका, आणि त्याच लॉबीतल्या एखाद्या सहकाऱ्याशी ठरवा: दसरा तुमचा, दिवाळी त्याची. क्रू कंट्रोलरसमोर दोघांनी मिळून जा. त्याच्यापुढचा प्रश्न आधीच सुटलेला असतो, त्यामुळे असा अर्ज सहसा परत येत नाही.

नाकारली तर तोंडी ‘नाही’ घेऊन परत फिरू नका, एचआरएमएसवर शेरा पडू द्या.

मंजूर रजाही हातची जाते ती दोन ठिकाणी. पहिलं, रजेच्या आदल्या दिवशी लांबच्या ट्रिपवर गेलात आणि भुसावळला अडकलात. म्हणून आदल्या दिवशी सकाळीच लॉबीला आठवण द्या, जवळची ट्रिप मागा. दुसरं, परतताना. रजा संपते त्या रात्री बारानंतर तुम्ही बोर्डावर असता, म्हणजे पहाटे दोनच्या साइन-ऑनचा कॉलही येऊ शकतो. गावाहून दुपारच्या गाडीने या, संध्याकाळी झोपा.

लांब रजेनंतर आणखी एक गोष्ट विसरू नका. एखाद्या सेक्शनवर ३ ते ६ महिने गेला नसाल तर एक रोड लर्निंग ट्रिप (रस्ता ओळखून घेण्याची फेरी) लागते, ६ महिने ते २ वर्षं असेल तर दोन, त्याहून जास्त असेल तर तीन. कॉल घेतानाच सांगा. साइन-ऑन करून इंजिनवर चढल्यावर सांगितलंत तर गाडी थांबते आणि दोष तुमच्या नावावर येतो.

आजारपण: नागपुरात असाल तर सिक मेमो घेऊन रेल्वे दवाखान्यात जा. गावाला असताना आजारी पडलात तर खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट ४८ तासांत पाठवा आणि रुजू होताना रेल्वे डॉक्टरकडून फिट घ्या. फोनवर ‘बरं नाही’ सांगून घरी बसलात तर गैरहजेरी लागते.

सिनिऑरिटी

थेट भरतीवाल्यांची सिनिऑरिटी ट्रेनिंगच्या शेवटच्या परीक्षेतल्या गुणांवर ठरते. म्हणून लिस्ट लागली की नाव, रुजू तारीख आणि गुण, तिन्ही तपासा आणि हरकत दिलेल्या मुदतीतच लेखी द्या. मुदत टळली की चूक दुरुस्त करायला वर्षं जातात.

मालगाडीचा लोको पायलट व्हायला सहायक म्हणून ६०,००० किलोमीटर फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनवर, व्हावे लागतात. ऑफिसात किंवा लॉबीत ‘मदतीला’ बसवलं तर हे किलोमीटर वाढत नाहीत. एक-दोन महिने ठीक, वर्षभर बसू नका.

विदर्भातली अनेक मुलं सिकंदराबाद, बिलासपूर अशा रेल्वे भरती बोर्डांतून लागतात आणि नागपूरला यायचं म्हणतात. स्वतःच्या विनंतीवरून बदली घेतली की नव्या ठिकाणी त्या ग्रेडमध्ये सर्वांत खाली जावं लागतं, आणि बदली जिथे थेट भरती होते त्या ग्रेडमध्येच मिळते. म्हणजे मालगाडीचा लोको पायलट होऊन मग यायचं म्हटलं तर आधी पुन्हा सहायक व्हावं लागतं. अदलाबदलीत दोघांपैकी ज्याची सिनिऑरिटी कमी ती लागू होते. यायचंच असेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांत या, किंवा अदलाबदलीचा जोडीदार शोधा. मुलं शाळेत गेल्यावर, प्रमोशन झाल्यावर केलेली बदली सगळ्यात महाग पडते.

तक्रार कुठे न्यायची

अमेरिकेतल्या विमान कंपन्यांचे पायलट संघटनेशी झालेल्या करारावर चालतात: रिझर्व्ह, रजा, सिनिऑरिटीनुसार महिन्याचं वेळापत्रक, सगळं करारात. गंमत म्हणजे तो करार ज्या कायद्याखाली होतो तो मुळात रेल्वेसाठीचा, १९२६ चा रेल्वे लेबर अॅक्ट, १९३६ मध्ये विमानसेवेलाही लागू झाला. आपल्याकडे असा करार नाही. आपल्याकडे नियम आहेत, आणि ते पाळले जात नसतील तर १९५२ पासून चालू असलेली पीएनएम, म्हणजे मान्यताप्राप्त युनियन आणि प्रशासनाची कायम वाटाघाटींची बैठक: विभाग, झोन आणि रेल्वे बोर्ड अशा तीन पायऱ्यांवर.

विभागीय पीएनएमसाठी मुद्दा द्यायचा तर ‘विश्रांती मिळत नाही’ असं लिहून उपयोग नाही. ‘अमुक महिन्यात पीआर पाच ऐवजी तीन मिळाल्या, अमुक तारखांना २२ ते ०६ रात्र मिळाली नाही’ असं लिहा. सोबत सीएमएसची प्रिंट, वहीच्या त्या पानांची झेरॉक्स आणि स्टेशन मास्तरच्या शिक्क्याचा मेमो जोडा. शक्यतो एकाच लॉबीतल्या चार-पाच जणांच्या नोंदी एकत्र द्या, म्हणजे तो एका माणसाचा गाऱ्हाण्याचा अर्ज न राहता लॉबीचा प्रश्न म्हणून इतिवृत्तात येतो. इतिवृत्त आलं की त्याची प्रत मागून घ्या आणि पुढच्या बैठकीआधी त्यातला आपला मुद्दा कुठे पोहोचला, ते युनियनच्या शाखा सचिवाला विचारा.