प्लॅस्टिकमधले आटे गेलेत? कामाला बसण्याआधी हे बघा

दुचाकीच्या प्लॅस्टिक पार्टमधले स्क्रूचे आटे गेले असतील तर आधी प्लॅस्टिक कोणतं आहे ते बघा. स्क्रूड्रायव्हर, फडकं, खाली अंथरायला वर्तमानपत्र हे तुमच्याकडे असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. पार्ट सोडवून उलटा करा, आतला चिखल पुसा आणि टॉर्च तिरपी धरून अक्षरं शोधा. दोन कोनी कंसांमध्ये बारीक उठावाची इंग्रजी अक्षरं असतात: एबीएस, पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, कधी पीसी (पॉलिकार्बोनेट) अधिक एबीएस, कधी पीए म्हणजे नायलॉन. ती सापडेपर्यंत गेलेल्या आट्यांत भरायला आणलेलं एम-सीलचं पाकीट फोडू नका.

हे न बघता मागच्या खेपेला मी एअर फिल्टरच्या डब्यातल्या नळीत, म्हणजे स्क्रू जिच्यात बसतो त्या प्लॅस्टिकच्या पोकळ खुंटीत, एम-सील भरलं होतं. वाळून कडक झालं, आटेही सुरेख पडले, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर पहिल्याच फेरीत अख्खी गुल्ली स्क्रूला धरून बाहेर आली. नळीची आतली भिंत मात्र गुळगुळीत, कुठे कणभरही चिकटलेलं नाही. तो डबा पीपीचा होता. पीपीला एम-सील, अराल्डाइट, फेविक्विक यांतलं काहीही टिकाऊ धरत नाही. घासा, खरवडा, तरी नाही.

साधारणपणे साइड पॅनेल, व्हायजर, मागचं काउल (सीटमागचं आवरण) हे एबीएसचं असतं आणि एअर फिल्टरचा डबा, सीटखालचा काळा आतला मडगार्ड हे पीपीचं. पण "साधारणपणे" वर विसंबू नका, बाजारात मिळणारा डुप्लिकेट पार्ट कशाचाही असू शकतो. जुन्या पार्टवर अक्षरं नसतीलच, तर कापसाच्या काडीला ॲसिटोन लावून आतल्या, न दिसणाऱ्या जागी थोडा वेळ चोळा. एबीएस असेल तर पृष्ठभाग निस्तेज आणि चिकट होतो, काडीला रंग लागतो. पीपीला काहीच होत नाही. पाण्यात तुकडा टाकून बघायची युक्ती बरेच जण सांगतात, पीपी तरंगतं आणि एबीएस बुडतं म्हणून. शुद्ध पीपीची घनता 0.90 च्या आसपास असते, त्यामुळे ते तरंगतं हे खरं. पण गाड्यांच्या पार्टमध्ये पुष्कळदा 20 टक्के टाल्क (खनिजाची भुकटी) मिसळलेलं पीपी वापरतात, त्याची घनता 1.04 च्या आसपास जाते आणि ते एबीएससारखंच बुडतं. म्हणून तरंगणं-बुडणं नको. अक्षरं बघा, नाहीतर ॲसिटोन लावून बघा.

आता हेही ठरवा, की हा पार्ट दुरुस्त करण्यात अर्थ आहे का. स्प्लेंडरचं साइड पॅनेल स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतं. ते नवीन आणा आणि संध्याकाळ वाचवा. पण आरएक्स 100 सारखी गाडी, जिचं उत्पादन 1996 मध्येच थांबलं, तिचं मूळ पॅनेल हातात असेल तर ते फेकू नका. आज डुप्लिकेट मिळतं ते पातळ असतं, भोकं जुळत नाहीत आणि मग ओढूनताणून बसवताना नवीन आटेही जातात.

आटे खरंच गेलेत का तेही तपासा. नळीत स्क्रू ठेवा, अजिबात न दाबता हलक्या बोटांनी उलटा फिरवा. एका जागी बारीकसं टक् होऊन स्क्रू किंचित खाली बसल्यासारखा लागतो. तिथे जुन्या आट्याचं तोंड आहे. तिथून सुलटा फिरवा. कितीतरी वेळा आटे शाबूत असतात, फक्त दर सर्व्हिसिंगला कुणीतरी स्क्रू आडवातिडवा घालून नवीन रेघा पाडत आलेलं असतं. शिवाय स्क्रू तोच आहे ना? प्लॅस्टिकसाठी रुंद आट्यांचा सेल्फ टॅपिंग स्क्रू लागतो. गॅरेजमध्ये हाताला येईल तो बारीक आट्यांचा 5 एमएमचा बोल्ट कोंबतात, त्याने प्लॅस्टिक किसलं जातं. आणि "एक नंबर जाडा स्क्रू टाकतो, बसेल" असं कुणी म्हटलं तर हात धरा. जाडा स्क्रू बसतो, पण नळीला उभी चीर पाडून बसतो.

चीर आधीच पडलेली असेल तर ती आटे भरण्याआधी बांधून घ्यायला हवी. चिरेच्या टोकाला 1 एमएमचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग नळीभोवती बारीक तांब्याच्या तारेचे चार वेढे घट्ट गुंडाळा. एबीएस असेल तर त्यावर अराल्डाइट. पीपी असेल तर तार गरम करून किंचित आत रुतवा. पुन्हा बघा, प्लॅस्टिक कोणतं ते इथेही लागतंच.

साफसफाई साबणाच्या कोमट पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पेट्रोलने नाही. गॅरेजमध्ये सगळं पेट्रोलने धुतात, पण ताण असलेल्या जागी एबीएसला पेट्रोलने केसासारख्या चिरा पडतात आणि स्क्रूची नळी ही ताणाचीच जागा असते. थिनरही नको. त्याच कारणाने, स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात ते लोखंडासाठीचं थ्रेडलॉकर प्लॅस्टिकच्या आसपास आणू नका. ते एबीएस ठिसूळ करतं आणि प्लॅस्टिकमध्ये नीट वाळतही नाही.

एबीएस निघालं तर तुम्ही सुखी आहात. तुटक्या एबीएस पॅनेलचे बारीक तुकडे काचेच्या बरणीत घाला, ते बुडतील इतकं ॲसिटोन ओता, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी श्रीखंडाइतकी दाट पेस्ट तयार होते. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल-सुगंध असतात आणि कित्येकांत ॲसिटोनच नसतं. ॲसिटोनची वाफ उणे 20 अंशांनाही पेट घेऊ शकते, तेव्हा गॅस, उदबत्ती, सिगारेट काही जवळ नको, खिडक्या उघड्या हव्यात. पेस्ट एकदम भरू नका. वाळताना ती आकसते, म्हणून पातळ थर, वाळू द्या, पुन्हा थर. अराल्डाइट वापरणार असाल तर हळू वाळणारं घ्या आणि स्क्रूला आधी व्हॅसलीन किंवा मेण चोळा, नाहीतर स्क्रू कायमचा आत राहील. फेविक्विक आणि खाण्याच्या सोड्याची युक्ती एबीएसवर चालते, लगेच कडक होते, पण हादऱ्याने तडकते. व्हायजरच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या स्क्रूपुरती ठीक.

पीपी निघालं तर भरणं विसरा. एकतर पत्र्याची यू क्लिप (कडेवर सरकवायची, स्क्रू धरणारी दुमडलेली पट्टी) घाला. कडेला जागा असेल तर यापेक्षा चांगला उपाय नाही. किंवा आरपार भोक पाडून वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सैल न होणारा) लावा. किंवा पितळी इन्सर्ट (आत आटे पाडलेलं छोटं नळकांडं) गरम करून बसवा. सोल्डरिंग आयर्नने वितळवून जोडायचंच असेल तर भरायचं प्लॅस्टिकही पीपीच हवं, ज्या डब्याच्या तळाला त्रिकोणात 5 आकडा असतो त्यातलं कापून घ्या. व्हिडिओत केबल टाय वितळवून भरताना दाखवतात. केबल टाय नायलॉनचा असतो. तो पीपीशीही एकजीव होत नाही, एबीएसशीही नाही. वरून जोडल्यासारखं दिसतं आणि नखाने सुटतं. म्हणून सांगतो, अक्षरं बघा.

पितळी इन्सर्ट दोन्ही प्लॅस्टिकना चालतं आणि वरचेवर उघडावा लागणारा पार्ट असेल तर मी तेच लावेन. नळीचा बाहेरचा व्यास इन्सर्टच्या व्यासाच्या साधारण दुप्पट हवा, त्याहून बारीक नळीत ते बसवू नका. भोक हाताने फिरवायच्या ड्रिलने मोठं करा. विजेचं ड्रिल प्लॅस्टिक वितळवतं, बिट खेचला जातो आणि पॅनेलच्या रंगीत बाजूने बाहेर येतो. बिटला खोलीच्या मापावर टेप गुंडाळा. इन्सर्ट भोकावर ठेवून वरून आयर्न टेकवा, जोर लावू नका, ते आपल्या वजनाने उतरू दे. थोडंसं वर राहिलं की आयर्न काढा आणि लोखंडी पट्टीने सपाट दाबून धरा, थंड होईपर्यंत. असं केल्याने ते सरळ बसतं. घाईत वाकडं बसलं तर परत गरम करावं लागतं आणि नळी पातळ होते.

बाकी भराभर. स्क्रू काढताना पुठ्ठ्यावर जागेप्रमाणे टोचून ठेवा, लांब-आखूड अदलाबदल झाली तर लांब स्क्रू तळाला टेकून नवे आटे उपटतो. रबरी बुश कडक झाले असतील तर बदला, आटे बहुतेक त्यांच्यामुळेच जातात, कारण सगळा हादरा स्क्रूवर येतो. भरलेलं पूर्ण एक दिवस वाळू द्या, जाड थर असेल तर जास्त. स्क्रू शेवटी दोन बोटांनी, टेकला की थांबा, विजेचा स्क्रूड्रायव्हर नको. थोडी गाडी चालवून झाली की एकदा हात लावून बघा. सैल वाटला तर पाव फेरा, जास्त नाही.