पीटीओ फाइलमधून मधलाच फोटो काढायचाय? आधी नंबर सांभाळा

हगिन हे फोटो जोडून पॅनोरामा करणारं सॉफ्टवेअर; त्याच्या प्रोजेक्टची पीटीओ फाइल म्हणजे साधा मजकूर. कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, पायथनने ओळ-ओळ वाचता येते. एकाच ट्रायपॉडवरून घेतलेले फोटोंचे चाळीस-पन्नास संच जोडायचे असतील तर माउस घेऊन बसण्यापेक्षा स्क्रिप्ट बरी, यात वाद नाही. पण "साधा मजकूरच आहे, फाइंड-रिप्लेस मारा" असं जो सांगतो, त्याने मधला फोटो काढून पुन्हा ऑप्टिमाइझ करून (म्हणजे फोटोंच्या जागा हगिनकडून नव्याने बसवून घेऊन) पाहिलेलं नसतं. मी पाहिलंय, म्हणून हा लेख.

१. स्क्रिप्टची गरज आहे का ते बघा

बऱ्याचदा नसते. हगिनसोबत कमांड लाइनची अवजारं येतात आणि लोक ती न बघताच स्वतःचा पार्सर (फाइल वाचून ओळी फोडणारा कोड) लिहायला बसतात. पीटीओ_व्हारला सूत्र देता येतं: बारा फोटो गोल फिरून घेतले असतील तर यॉ (फोटोचा आडवा कोन) म्हणजे फोटोचा क्रमांक गुणिले ३०, झालं काम. प्रोजेक्शन, कॅनव्हास, क्रॉप यासाठी पॅनो_मॉडिफाय. एका संचाची बसवलेली मांडणी तेवढ्याच फोटोंच्या दुसऱ्या संचाला लावायला पीटीओ_टेम्प्लेट. हाताने स्क्रिप्ट लिहायची ती फाइलमधून फोटो काढून टाकायचे किंवा त्यांचा क्रम बदलायचा असेल तेव्हाच.

२. ओळीचं पहिलं अक्षर बघून वाटणी करा

पी म्हणजे तयार होणारा पॅनोरामा, आय म्हणजे एकेक फोटो, व्ही म्हणजे ऑप्टिमायझरने काय बदलायचं ते, सी म्हणजे कंट्रोल पॉइंट (दोन फोटोंत दिसणारा एकच बिंदू), के म्हणजे मास्क (फोटोचा झाकायचा भाग). जे ओळखीचं नाही ते जसंच्या तसं परत लिहा.

यातच दोन खड्डे आहेत. अक्षराचा अर्थ ओळीगणिक बदलतो: आय ओळीतला एन म्हणजे फाइलचं नाव, सी ओळीतला एन म्हणजे फोटोचा क्रमांक. शिवाय लहान-मोठी लिपी वेगळी. सी ओळीत छोटा एन, एक्स, वाय पहिल्या फोटोचे आणि मोठे दुसऱ्याचे. सगळं लोअरकेस करून वाचणारी स्क्रिप्ट तिथेच संपली.

दुसरा खड्डा हॅशच्या ओळींचा. कॉमेंट समजून त्या गाळू नका. आउटपुटचा प्रकार, ब्लेंडरचे (फोटोंचे सांधे मिसळणाऱ्या अवजाराचे) पर्याय आणि संदर्भ-फोटो (ज्याच्या आधाराने बाकीचे बसवतात तो) कोणता, हे सगळं हगिन हॅशने सुरू होणाऱ्या ओळींतच ठेवतं.

३. फाइलमधून फोटो काढून टाका

इथे मी दोन संध्याकाळी घालवल्या.

फोटोचा क्रमांक फाइलमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. आय ओळींचा क्रम हाच क्रमांक, तोही शून्यापासून. त्यामुळे सातव्या क्रमांकाची आय ओळ उडवली की आठवा गुपचूप सातवा होतो, नववा आठवा, आणि बाकी फाइलला याचा पत्ताच नसतो. सी, व्ही, के या ओळी जुन्याच क्रमांकांवर बोट ठेवून बसतात.

खरा दगा पुढे आहे. मी छत्तीस फोटोंच्या प्रोजेक्टमधून असे दोन फोटो काढले, लगेच जोडून पाहिलं, आणि पॅनोरामा उत्तम आला! कारण जोडताना प्रत्येक फोटोची जागा त्याच्याच आय ओळीतल्या यॉ, पिच, रोलवरून (आडवा, उभा आणि तिरपा कोन) ठरते. कंट्रोल पॉइंटकडे तेव्हा कोणी बघत नाही. मी खूश होऊन बाकीच्या संचांवर तीच स्क्रिप्ट चालवली. नंतर ऑप्टिमायझर चालवला तेव्हा कंट्रोल पॉइंटमधलं अंतर शेकडो पिक्सेलवर गेलं आणि क्षितिजाच्या चिंध्या झाल्या. तेव्हा नुसतं जोडून पाहून "चालतंय" म्हणू नका. मास्क मात्र लगेच चुगली करतो. शेजारच्या भलत्याच फोटोत भोक पडलेलं दिसलं, तर के ओळीचा क्रमांक सरकवायचा राहिलाय.

आधी जुना क्रमांक ते नवा क्रमांक असा एक तक्ता तयार करा, पायथनमध्ये डिक्शनरी. मग प्रत्येक ओळ एकदाच वाचा आणि तक्त्यातून नवा क्रमांक घाला. एकामागून एक बदल करत जाऊ नका. नऊचा आठ केला, मग आठचा सात केला, की दोन्ही फोटो सातवर येऊन बसतात. आणि व्ही ओळीत "वाय१" (एक क्रमांकाच्या फोटोचा यॉ) शोधताना "वाय१२"सुद्धा सापडतो, त्यामुळे अक्षर वेगळं आणि पूर्ण आकडा वेगळा काढून मगच बघा.

सी ओळीत दोन्हीपैकी एक जरी क्रमांक काढलेल्या फोटोचा असेल तर ती ओळ टाकून द्या. दोन्ही क्रमांक सारखे दिसले म्हणून ओळ चुकीची समजू नका. उभ्या-आडव्या रेषांचे पॉइंट तसेच असतात. शेवटचा टी हा पॉइंटचा प्रकार आहे, फोटोचा क्रमांक नाही. त्याला हात लावू नका. व्ही ओळीत कधी एक चल असतं, कधी बरीच. शेवटची नुसती व्ही असलेली ओळ रिकामी वाटते, पण यादी तिथे संपते. ती राहू द्या.

सगळ्यात वाईट म्हणजे बरोबरीचं चिन्ह. आय ओळीत व्हीपुढे आकड्याऐवजी "= ०" असेल, तर अर्थ असा की या फोटोचा दृश्यकोन शून्य क्रमांकाच्या फोटोइतकाच. लेन्समुळे येणारी विकृती सुधारणारे ए, बी, सीसुद्धा असेच बांधलेले असतात. आता शून्य क्रमांकाचाच फोटो काढला तर? मूळ आकडा गेला आणि बाकी सगळे हवेत. म्हणून काढण्याआधी तो आकडा उचला, उरलेल्यांतल्या पहिल्या बांधलेल्या फोटोत थेट लिहा आणि बाकीच्यांना त्याच्याकडे वळवा. हे प्रत्येक चलासाठी वेगळं करायचं, कारण सगळी चलं एकाच फोटोला बांधलेली असतील असं नाही.

संदर्भ-फोटोच काढला असेल तर हॅशच्या ओळीत नवा क्रमांक द्या आणि त्या नव्या फोटोचे यॉ, पिच, रोल व्ही ओळींतून वगळा. नाहीतर अख्ख्या पॅनोरामाला खुंटाच उरत नाही.

४. तपासा

चेकपीटीओ चालवा. काढलेला फोटो दोन गटांमधला एकमेव दुवा असेल तर ते सांगतं. मग सीपीफाइंडने नवे पॉइंट शोधा.

त्यानंतर ऑटोऑप्टिमायझर, पण एन पर्यायाने. त्याने तुमच्या व्ही ओळीच वापरल्या जातात. ए पर्याय स्वतःच्या हिशेबाने टप्पे ठरवतो, त्यामुळे व्ही ओळींमधली तुमची चूक झाकली जाते.

५. जोडा

हगिन_एक्झिक्युटर, आधी ड्राय-रन (काम न करता काय होणार ते फक्त दाखवणारा पर्याय) देऊन. नवी पीटीओ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये लिहिली असेल तर फोटो सापडणार नाहीत, कारण आय ओळीतले सापेक्ष पत्ते फाइलच्या जागेवरून मोजले जातात. आणि फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर ओळ स्पेसवर तोडणारी स्क्रिप्ट नावाचे तुकडे करते. अवतरणचिन्हांतला मजकूर आधी बाजूला काढा, मग उरलेली ओळ तोडा.