चिंतेची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर काय तपासावे आणि ती कशी कमी करावी

घरात कोणाची ‘टेन्शनची गोळी’ महिनोन्महिने चालू असेल, तर ती सुरक्षित आहे का हे विचारण्याआधी ती नेमकी कोणती आहे हे पाहावे, कारण चिंतेवरील औषधांचे गट निरनिराळे आहेत आणि त्यांचे दीर्घकालीन धोके सारखे नाहीत. पाकिटावर ब्रँडच्या ठळक नावाजवळ बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव छापलेले असते. ते अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम किंवा डायझेपाम असेल, तर गोळी बेन्झोडायझेपिन गटातील आहे. एटिझोलामचे वागणेही तसेच असते. एसिटालोप्राम, सर्ट्रालीन ही एसएसआरआय गटातील, म्हणजे नैराश्यावर आणि चिंतेवरही दिली जाणारी औषधे. आपल्याकडे या दोन गटांची औषधे एकाच गोळीत घालूनही विकली जातात आणि माझ्या मते निम्मा घोळ या जोडगोळीनेच घातला आहे. एसिटालोप्रामचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर आधार म्हणून क्लोनाझेपाम द्यायचे आणि मग काढून घ्यायचे, हा मूळ हेतू. पण गोळी एकच असल्याने दुसरे औषधही वर्षानुवर्षे पोटात जात राहते आणि एकाला हात न लावता दुसरे कमी करता येत नाही.

बेन्झोडायझेपिनचा गुण तासाभरात जाणवतो, म्हणूनच ती सोडवत नाही. हे औषध सर्वसाधारणपणे दोन ते चार आठवड्यांपुरते द्यावे असे मानले जाते, कारण रोज घेतल्यास काही आठवड्यांतच शरीर त्यावर विसंबू लागते, मग ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतलेली असली तरीही. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये या संपूर्ण गटावर तशी ठळक चेतावणी छापणे सक्तीचे केले. उतारवयात खरा धोका रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याचा असतो. स्मरणशक्ती मंदावते, दिवसा गुंगी राहते. स्मृतिभ्रंशाशी या गोळ्यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, परंतु गोळीच त्याचे कारण आहे हे सिद्ध झालेले नाही, कारण अस्वस्थता आणि निद्रानाश ही त्या आजाराची सुरुवातीची लक्षणेही असू शकतात. दारू किंवा ट्रामाडोलसारखी वेदनाशामके सोबत घेतल्यास मात्र श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. सोलापुरात रात्रपाळीला यंत्रमागावर उभे राहणाऱ्याने किंवा दुचाकीवरून अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत जाणाऱ्याने ही गुंगी डॉक्टरांना आवर्जून सांगितली पाहिजे.

धोके वाचून घाबरून गोळी एकदम बंद करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. शेजारच्या तेलंगणात, जिथे सोलापुरातील अनेक कुटुंबांचे नातेवाईक आहेत, ताडीत अल्प्राझोलमची भेसळ होत असे. 2015 मध्ये त्यावर कारवाई होऊन तो पुरवठा अचानक थांबला, तेव्हा कित्येक जण फिट, थरथर आणि भ्रमाने रुग्णालयात दाखल झाले.

म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात किंवा आपल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, रक्तदाब-मधुमेहासकट चालू असलेली सर्व पाकिटे आणि गोळी कधीपासून घेतली जाते ही माहिती न्यावी. सध्याच्या पद्धतीनुसार दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा साधारण 5 ते 10 टक्क्यांनी कमी करतात, त्रास झाला तर तिथेच थांबतात, आणि शेवटचा टप्पा बहुधा सर्वांत सावकाश घेतात. काहींना आधी डायझेपामसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधावर आणले जाते. मधोमध रेघ असलेल्या गोळीचे दोन तुकडे करता येतात, पण हळूहळू विरघळणारी (एसआर) गोळी तोडू नये, आणि जिभेवर विरघळणारी गोळी तोडताना चुरा होऊन मात्रेचा अंदाज चुकतो. कमी करताना झोप उडते, छातीत धडधडते. आजार परतला असे समजून लगेच जुन्या मात्रेवर जाऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

ओळखीच्या मेडिकलवाल्याने जुन्या चिठ्ठीवर गोळ्या दिल्या, तर ती मेहरबानी समजू नये. अल्प्राझोलम आणि डायझेपाम शेड्युल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या अधिक कडक सरकारी यादीत आहेत. त्यांच्या विक्रीत डॉक्टर, रुग्ण आणि गोळ्यांची संख्या यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे.

एसएसआरआयची गोष्ट निराळी. ती वर्षानुवर्षे घेतली तरी व्यसन लागत नाही, पण लैंगिक इच्छा मंदावणे, वजन बदलणे असे त्रास होतात, आणि तीही एकदम सोडल्यास गरगरते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते. वृद्धांमध्ये, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना, रक्तातील सोडियम घटू शकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात बरळणे आणि थकवा याला घरचे ‘ऊन लागलं’ म्हणतात. अशा वेळी सोडियमची तपासणी करून घ्यावी. चिंतेतली धडधड आणि थरथर कमी करण्यासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला सहसा देत नाहीत, आणि तेही अचानक थांबवू नये.

काहींना दीर्घकाळ औषध लागतेच आणि त्यात कमीपणा नाही, मात्र ते का चालू आहे याची उजळणी दर तीन-सहा महिन्यांनी डॉक्टरांसोबत व्हावी. मध्येच शंका आली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. मात्रा उतरवण्याची सुरुवात आषाढी वारीच्या किंवा सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या धावपळीत करू नये. वारीला निघताना पुरेशा गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत सोबत ठेवावी, आणि शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना ही गोळी चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना न विचारताही सांगावे.